घरची वेळ

"लोकल आयडी आम्ही घेत नाही मॅडम," काउंटरमागची मुलगी म्हणाली. झेबाचं आधार कार्ड तिने दोन बोटांनी संगमरवरावरून परत सरकवलं, अर्ध्यात थांबली आणि पुन्हा स्वतःकडे ओढून घेतलं. "पण ठीक आहे. सरांचं चालतं."

"सरांचं म्हणजे?" झेबाने विचारलं.

मुलीच्या काळ्या कोटावर 'प्राची' अशी पितळी पट्टी होती. तिने एकदा तौसीफकडे पाहिलं, मग स्क्रीनकडे. "म्हणजे पासपोर्ट आहे ना सरांचा. पासपोर्ट असला की चालतं." हे ती इतकं गुळगुळीत म्हणाली की झेबाला वर्गातली काही मुलं आठवली. एक उत्तर चुकलं की न अडखळता लगेच दुसरं देणारी. पासपोर्टवरचा पत्ताही पनवेलचाच होता, त्याच मोहल्ल्यातला, त्याच घराचा. "बिझनेस की लेझर, सर?" प्राचीने पुढचा प्रश्न विचारला. "लेझर," तौसीफ म्हणाला. फुरसतीसाठीचा हा इंग्रजी शब्द नवऱ्याच्या तोंडून झेबाने कधी ऐकला नव्हता, आणि तो त्याने असा उच्चारला की जणू या काउंटरवर हाच प्रश्न त्याला नेहमी विचारतात. प्राचीच्या डोक्यावर भिंतीत तीन घड्याळं होती, मुंबई, दुबई आणि लंडन. झेबाची नजर उगाचच त्यांच्यावरून तौसीफच्या मनगटाकडे गेली. त्याचं घड्याळ मुंबईच्या घड्याळाबरोबर चाललं होतं.

खरं तर त्याआधीच काहीतरी खटकलं होतं. काचेचं दार सरकून ते आत आले तेव्हाच तिला वास आला होता. गवती चहा, पण नुसता गवती चहा नव्हे, त्याखाली ओल्या लाकडासारखं काहीतरी, आणि सगळ्यावर एसीची कोरडी थंडी. गवती चहाच्या वासातलं मुख्य द्रव्य सिट्रल असतं हे तिला बी.एस्सी.ला शिकवलं होतं, आणि अशा हॉटेलांत ते यंत्राने हवेत सोडतात हेही तिने कुठेतरी वाचलं होतं. पण तिच्या नाकाने ते सगळं बाजूला सारून एकच गोष्ट सांगितली: हा तौसीफच्या बॅगेचा वास आहे. शारजाहून सुट्टीवर आलेल्या तौसीफची बॅग घराच्या मधल्या खोलीत उघडली जायची तेव्हा घरात पसरायचा तो वास. मोहल्ल्यातल्या दोनतीन बायका, शेजारची पोरं, सगळी बॅगेभोवती बसलेली असायची. चेन सरकली की सासू, साबिरा, डोळे मिटून म्हणायची, "आला बघ शारजाचा वास." मग साबण, खजूर, चॉकलेटचे डबे एकेक करून बाहेर यायचे. पूर्वी त्या बॅगेला वेगळा वास असायचा, ऊद आणि नव्या प्लास्टिकचा. गेल्या दोन सुट्ट्यांपासून तो बदलला होता. कंपनीने राहायची जागा बदलली असेल, असं तिने तेव्हा स्वतःला सांगितलं होतं. महागड्या जागांना सगळीकडे एकच वास असतो, असं तिने आता स्वतःला सांगितलं, आणि दोघं लिफ्टकडे निघाली.

हॉटेल त्यांच्या घरापासून रिक्षाने फार तर पंधरा मिनिटांवर. हायवेच्या अलीकडे हॉटेल, पलीकडे जुनं पनवेल, तलाव, मशीद, मशिदीमागे घर. घरात या घटकेला साबिरा भाजी निवडत असेल, सासरे इक्बाल दाराशी खुर्ची टाकून बसलेले असतील, आणि आठ वर्षांची शाजिया अब्बूच्या विमानाचं चित्र रंगवत असेल, कारण अब्बू रविवारी येणार होता. तो शुक्रवारीच आला आहे, हे फक्त झेबाला माहीत होतं. "दोन दिवस फक्त आपले," तो फोनवर म्हणाला होता. "घरी गेलो की मी सगळ्यांचा. तू शाळेचं ट्रेनिंग आहे म्हणून सांग. रविवारी तू पुढे जा, मी मागून टॅक्सीने येतो, विमानतळावरून आल्यासारखा." लग्नाला दहा वर्षं झालेल्या बाईला असं काही ऐकून जे व्हावं तेच तिला झालं होतं. ठाण्याला विज्ञान शिक्षकांचं शिबिर आहे असं ती सासऱ्यांच्या तोंडावर खोटं बोलली. ते मान न उचलता म्हणाले, "जा, जा. दोन दिवस हवापालट." बाहेर पडताना तिला अपराधी वाटलं होतं, पण त्यात एक गुदगुलीही होती. लिफ्टच्या आरशात स्वतःच्या अबोली ओढणीकडे पाहताना ती गुदगुली कुठे गेली ते तिला कळेना.

खोलीत अंधार होता. दाराजवळच्या खाचेत कार्ड टाकलं की दिवे लागतात हे अलीकडे सगळ्यांनाच ठाऊक असतं, त्यात काही नव्हतं. पण न्हाणीघर आणि पलंग यांच्यामध्ये भिंत नव्हती, आरपार काच होती. ती पाहून झेबा दचकली, "हे काय, सगळं दिसतंय," म्हणाली, आणि तौसीफने पाठमोरं उभं राहूनच, पलंगाच्या उशाशी हात घालून एक बटण दाबलं. काचेवर पांढरा पडदा सावकाश उतरत आला. बटण उशीच्या मागे होतं, उभ्या माणसाला दिसणार नाही असं. झेबा त्या उतरणाऱ्या पडद्याकडे पाहत राहिली. नववीच्या मुलांना ती नेहमी सांगायची की निरीक्षण आणि अनुमान वेगवेगळ्या रकान्यांत लिहा. बटण त्याला माहीत होतं, हे निरीक्षण. पुढचं अनुमान तिने केलं नाही, पण ते खोलीत येऊन तिच्या शेजारी बसलं होतं. गरम पाण्यासाठी नळ उलटा फिरवावा लागतो हे त्याने आतून, तिने विचारायच्या आधीच ओरडून सांगितलं. चहाच्या किटलीची वायर आखूड आहे म्हणून तो किटली टेबलावरून उचलून खिडकीच्या कट्ट्यावर घेऊन गेला, आणि तिथे खाली, पडद्याआड, खरंच एक प्लग होता.

बाई असणार. बाईच. हा विचार आला तेव्हा तिला आश्चर्य वाटलं नाही, उलट एखादी अपेक्षित पाहुणी आल्यासारखी तिने त्याला जागा करून दिली. गल्फला गेलेल्या माणसांच्या गोष्टी मोहल्ल्यात कमी नव्हत्या. कोणाचं मस्कतला दुसरं घर होतं, कोणी सुट्टी एक महिन्याची सांगून दहा दिवस केरळात काढायचा. पण ती माणसं लांब जाऊन करायची. घरापासून पंधरा मिनिटांवर कोण करतं? तिने न्हाणीघरात जाऊन छोट्या बाटल्या पाहिल्या. शाम्पू, कंडिशनर, अंगाला लावायचं लोशन. अशाच बाटल्या त्याने गेल्या वर्षी शाजियाला आणून दिल्या होत्या, भातुकलीसाठी. त्यांच्यावरची लेबलं सोललेली होती आणि गोंदाचा चौकोन मागे राहिला होता. चॉकलेटच्या डब्यांवरही, किमतीची चिठ्ठी असते त्या जागी, तसेच चौकोन असायचे, धूळ धरणारे, आणि शाजियाच्या बोटांना चिकटतात म्हणून झेबा ते नेलपॉलिश रिमूव्हरने पुसून काढायची. ॲसिटोनमध्ये गोंद विरघळतो. तो गोंद तिथे का आहे, हे तिने कधी विचारलं नव्हतं.

"झेबा, एक सांगू?" तौसीफ खिडकीशी उभा राहून म्हणाला.

"काय?"

तो थोडा वेळ खालच्या सिग्नलकडे पाहत राहिला. उरणकडे जाणारे ट्रेलर तिथे एकामागे एक थांबलेले होते, पाठीवर कंटेनर घेऊन. "इथली कॉफी बरी आहे," तो म्हणाला. मग एका पांढऱ्या कंटेनरकडे बोट करून, जरा वेगळ्याच, जिवंत आवाजात: "त्याचा पंखा बंद आहे बघ. माल जाणार त्याचा." कंटेनरच्या तोंडाला यंत्र होतं आणि त्यात जाळीमागे पंखा होता हे तिला त्याने दाखवल्यावर दिसलं. एसीच्या कामातल्या माणसाला सगळीकडे पंखेच दिसणार, तिने विचार केला. शारजात तो एका मोठ्या शीतगृहात मेकॅनिक होता. आधी त्याचा बाप कुवेतला, मग तो शारजाला. घरातला एक पुरुष कायम समुद्रापलीकडे असायचा आणि घर त्याच्या येण्याजाण्याने मोजलं जायचं.

रात्री तो तिच्याकडे वळला तेव्हा तिने त्याच्या हातांचा वास घेतला. कोणत्या वासासाठी, ते तिला माहीत होतं. अत्तर, पावडर, कुणाचं तरी तेल. हाताला हॉटेलच्या साबणाचा वास होता आणि त्याच्या तळाशी, नखांच्या कडेला, काहीतरी लोखंडी. सगळ्या मेकॅनिकांच्या नखांत असतं तेच. तिला स्वतःची लाज वाटली आणि तरीही ती थांबली नाही. त्याचं मनगट, मान, कानामागची जागा ती एकेक करून तपासत राहिली, आणि त्याला ते प्रेम वाटलं असावं. गळ्याखाली उन्हाने कातडीवर स्पष्ट रेघ ओढली होती. शीतगृहात काम करणाऱ्या माणसाला इतकं ऊन कसं लागलं, हा प्रश्न तिच्या मनात उमटला आणि बाईच्या प्रश्नापुढे त्याला जागा न मिळाल्यामुळे मागे जाऊन उभा राहिला.

सकाळी न्याहारीच्या दालनात सगळेच कामाला आलेले होते. गळ्यात ओळखपत्रांच्या निळ्या दोऱ्या, टेबलावर उघडे लॅपटॉप, कोणी इडली खाताखाताच कुणालातरी झापत होता. पोहण्याचा तलाव काचेपलीकडे निळा आणि रिकामा पडला होता. हॉटेलने तो बांधला म्हणून तो होता, उतरणारं कोणी नव्हतं. फुरसतीला आलेली माणसं फक्त हीच दोघं. पांढऱ्या टोपीचा स्वयंपाकी तौसीफला काही न विचारता ऑम्लेटमध्ये मिरची जास्त घालू लागला. घालता घालता थबकला आणि मग त्याने विचारलं, "मिरची, सर?" झेबाने ते पाहिलं. इथल्या नोकरांना गिऱ्हाईक ओळखायचं नाही असं शिकवलेलं दिसत होतं, आणि ते ओळख लपवताना जरा उशीर करत होते. ही सगळी त्या बाईलाही ओळखत असतील. प्राची, हा स्वयंपाकी, लिफ्टजवळचा नोकर. झेबाच्या ताटातल्या पपईकडे ती कोणत्या नजरेने पाहत असतील? ही घरची, असं? की त्यांना वाटत असेल की हीच ती दुसरी?

बाहेर पडताना लॉबीत गर्दी होती. वरच्या हॉलमध्ये कुणाचातरी साखरपुडा होता. पैठण्या, अत्तर, सजवलेली ताटं घेऊन बायका लिफ्टची वाट पाहत होत्या, आणि त्यांच्यातून पांढऱ्या कपड्यांतला, मनगटात जाड सोन्याचं कडं घातलेला एक माणूस सरळ तौसीफच्या अंगावर आला आणि त्याने त्याच्या पाठीत थाप घातली.

"काय रं तौसीफ, तू हितं? मी म्हनतो ह्यो कोन सायब उभा हाय."

तौसीफ हसला. त्या हसण्याला आवाज नव्हता. "धर्मराजभाऊ."

"या वैनी का? नमस्कार वैनी. आमी गव्हाणचे, ट्रेलर हायेत आमचे, जासईला यार्डात असतात." तो झेबाकडे वळून, लग्नघरच्या मोकळेपणाने बोलू लागला. "तुमच्या ह्यानं इज्जत राखली आमची परवा. कोलंबीचा रीफर बंद पडलेला. थंडा कंटेनर वो, अख्खा भरलेला. कंपनीचा मानूस येतो येतो म्हनत व्हता, आनि हा गेला आत नि तासाभरात गार केला. सोन्याचा हात हाय. पन बोलायचा नाय. आनि डोक्यावरची ती हेल्मेट काय उतरायची नाय. यार्डात तीच, बाईकवर तीच, च्या पितो ती बी काच वर करून. आमी तं म्हनतो, झोपतो बी तीच घालून. खरं का वैनी?"

झेबा म्हणाली, "घरी काढतात."

धर्मराज खदखदून हसला. "पुतन्याचा साखरपुडा हाय, केतनचा. वर या जेवायला. नाय म्हनायचं नाय." आणि तो बायकांच्या मागोमाग लिफ्टमध्ये शिरला.

ते दुसऱ्या लिफ्टने गेले. दार मिटल्यावर तौसीफ म्हणाला, "शारजात होता आधी. आमच्याच कंपनीत."

"जासई म्हणाला तो."

"हां, आता असतो जासईला. त्याचा गोंधळ होतो. घेतलेली असेल."

"सकाळी?"

"साखरपुडा आहे," तौसीफ म्हणाला, आणि मजले बदलणाऱ्या आकड्यांकडे पाहत राहिला.

खोलीत आल्यावर तो झोपला, किंवा झोपल्यासारखा पडला. झेबा खिडकीच्या कट्ट्यावर बसली. खाली सिग्नलला ट्रेलर येत होते, थांबत होते, सुटत होते, आणि ते जिथे जात होते ती जागा तिला माहीत होती. उरणच्या बाजूला जाताना रस्त्याच्या दोन्ही अंगांना रंगीत पेट्यांच्या भिंती लागतात, ते जासई. बाई नव्हती. हे लक्षात येताच तिला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. पण बाई असती तर झेबाचं काय करायचं ते ठरलेलं होतं. रडायचं, माहेरी जायचं, दोन्हीकडच्या वडीलधाऱ्यांनी बसायचं. यासाठी काहीच ठरलेलं नव्हतं. परदेशी गेलेला नवरा परदेशी नव्हताच, म्हणून कोणी माहेरी जातं का? गेली दोनतीन वर्षं तो रोज संध्याकाळी तिच्याशी फोनवर बोलत होता, मागे कायम पडदा ओढलेला. एकदा त्याच्या फोनमधून मगरिबची, सूर्यास्ताची अजान ऐकू आली होती, अगदी त्याच क्षणी मोहल्ल्यातल्या मशिदीतही सुरू झालेली. "टीव्ही चालू आहे," तो म्हणाला होता. शारजा पश्चिमेला. तिथे सूर्य तासाभराने मागून मावळतो. रेखावृत्तांचा धडा ती दरवर्षी शिकवते, चेंडूवर दोरा गुंडाळून, टॉर्च मारून. आणि ती म्हणाली होती, "आवाज कमी करा ना टीव्हीचा."

आणि शाजियाचा डेंग्यू. तिथे पोचायचं ती सकाळपासून टाळत होती, पण पोचलीच. मुलीच्या प्लेटलेट्स उतरत होत्या आणि तौसीफ फोनवर रडत होता, साहेब सोडत नाही म्हणून. उलट तीच त्याला धीर देत होती. तो रडत होता तो इथून, जासईहून, अर्ध्या-पाऊण तासावरून. झेबाने काचेला कपाळ लावलं. काच गार होती. दुसरीही एक काच होती तेव्हा, वॉर्डच्या दाराला, गोल. संध्याकाळी भेटायच्या वेळेला तिने मान वर केली तर त्या गोल काचेत एक हेल्मेट होतं. त्याची पुढची काळी काच खाली ओढलेली. माणूस हलत नव्हता, नुसता शाजियाच्या खाटेकडे पाहत होता. त्या आठवड्यात पोरं पळवणाऱ्यांच्या अफवा सगळ्यांच्या मोबाइलवर फिरत होत्या. झेबा उठून जिन्याच्या तोंडाशी गेली आणि तिने वॉचमनला हाक मारली. वॉचमनने त्या माणसाला दंडाला धरून खाली नेलं. तो एक शब्द बोलला नाही, हे तिला तेव्हा आणखीच संशयास्पद वाटलं होतं. घरी कुणाला हे तिने सांगितलं नव्हतं, म्हातारी माणसं घाबरतील म्हणून. तौसीफला तर नाहीच, एवढ्या लांब बसून तो काय करणार.

पण हे अनुमान आहे, तिने स्वतःला बजावलं. पनवेलात हेल्मेटवाले हजारो. मोहल्ल्यातलं कोणी ओळखू नये म्हणून तो यार्डात हेल्मेट घालून चहा पितो, एवढंच धर्मराजच्या बोलण्यातून निघतं. बाकीचं तिला हवं आहे म्हणून ती जोडत होती. तो आला असावा असं तिला वाटत होतं, म्हणून तो आला होता. आयुष्यभर दुसऱ्यांच्या उत्तरांवर लाल खूण करणाऱ्या झेबाला पहिल्यांदाच स्वतःच्या मनाचा इतका संशय आला. क्षमा करायला कारण शोधणारं मन पुरावा म्हणून काहीही उचलतं. मागे पलंगावर तौसीफ कूस बदलत होता. कालपासून तो असाच पडून होता, थंड हवेत, पडदे ओढून, पुन्हा पुन्हा आंघोळ करत. नखं ब्रशने घासून घासून त्याने लाल केली होती. तो विश्रांती घेत नव्हता, हे तिला आता दिसलं. तो यार्ड अंगावरून उतरवत होता. ऊन, डिझेल, खारट वारा, सगळं जिरेपर्यंत तो इथे बसायचा, कपड्यांत हा गवती चहाचा वास भरून घ्यायचा, आणि मग शारजाहून घरी यायचा. फक्त या वेळी त्याने तिला बोलावलं होतं. का? "झेबा, एक सांगू?" दुपारी त्याने पुन्हा एकदा म्हटलं होतं, आणि मग उशी फार मऊ आहे असं सांगितलं होतं.

रविवारी सकाळी बॅगा तयार झाल्या. दोन मोठ्या, विमानातून आल्यासारख्या नायलॉनच्या दोरीने आडव्याउभ्या आवळलेल्या, गाठी त्याच्या बापाने शिकवल्या तशा. झेबा न्हाणीघरात काचेच्या आत केस विंचरत होती. पडदा तिने वर केला होता. तिला दिसलं, तौसीफ पलंगाच्या कडेला बसला आणि त्याने मनगटावरचं घड्याळ काढून हातात घेतलं. पहिल्यांदा शारजाला निघाला तेव्हा इक्बालने आपल्या हातातलं काढून त्याला दिलेलं ते घड्याळ. घरात एक रीत होती. कुवेतहून इक्बाल यायचे तेव्हा त्यांचे वडील करायचे, आता तौसीफसाठी इक्बाल करतात. परदेशाहून आलेल्या माणसाने उंबऱ्याशी थांबायचं, पाणीसुद्धा प्यायचं नाही. बाप त्याचा हात हातात घेतो, घड्याळाची चावी बाहेर ओढतो, काटे पुढे नेतो, कुवेतचे अडीच तास, शारजाचे दीड, आणि म्हणतो, "ही घरची वेळ." मग आत यायचं. येणाऱ्याने स्वतः घड्याळ लावायचं नसतं, विमानातही नाही.

तौसीफ नखाने चावी बाहेर ओढत होता. काटे मागे न्यायला.

आणि तेव्हा झेबाला गेल्या सुट्टीतला उंबरा आठवला. ती मागे पाण्याचा पेला घेऊन उभी होती. अब्बांनी, सासऱ्यांनी, तौसीफचं मनगट धरलं, नेहमीपेक्षा जरा जास्त वेळ घड्याळाकडे पाहिलं आणि चावी फिरवली. चावी ओढल्याचा तो बारीक टक आवाज आला नव्हता. काटे जागचे हलले नव्हते. बोटांतली ताकद गेली बिचाऱ्यांच्या, असं तिला वाटलं होतं. "ही घरची वेळ," अब्बा म्हणाले होते, आणि तौसीफच्या डोक्यावर हात ठेवून लगेच आत वळले होते. तिने आता ते सावकाश, पुन्हा एकदा पाहिलं. बोटं थरथरत नव्हती. त्या वेळी तौसीफ घड्याळ मागे करायला विसरला असणार, आणि तीस वर्षं कुवेत पाहिलेल्या माणसाला एका नजरेत जे कळायचं ते कळलं असणार. "जा, दोन दिवस हवापालट." तेही त्यांना माहीत होतं का? आणि अम्मी? डोळे मिटून "आला शारजाचा वास" म्हणणारी अम्मी डोळे का मिटते? कदाचित त्या घरात काहीच माहीत नसलेली ती एकटीच होती.

ती बाहेर आली. "मागे करू नको," ती म्हणाली. बंद खोलीत ती त्याला तू म्हणायची.

त्याने वर पाहिलं.

"गेल्या वेळीही ते बरोबरच होतं, तौसीफ. अब्बांनी नुसतं फिरवल्यासारखं केलं."

त्याला ते लगेच समजलं नाही. मग समजत गेलं तसं ती त्याच्याकडे पाहत राहिली. ते आधी हातांना समजलं, त्यांनी घड्याळ चादरीवर ठेवलं. मग खांद्यांना. दोन बॅगांच्या मधोमध बसलेला तो माणूस कुठल्याच देशातून आलेला दिसत नव्हता.

"कंपनीच बंद झाली," तो म्हणाला. "वाटलं, दोन महिन्यांत दुसरी मिळेल. मिळाली की सांगू. मग इथलं काम लागलं, आणि मग सांगायचं कसं ते..." त्याने पुढचं सोडून दिलं. "या वेळी तुला सांगायचं म्हणून बोलावलं होतं."

"हेल्मेट घालून वॉर्डच्या दाराशी तू होतास?"

तो अंगठ्याने दुसऱ्या अंगठ्याचं नख चोळत राहिला. "आत येणार होतो," तो म्हणाला. "हेल्मेट काढणारच होतो. तेवढ्यात तू वॉचमनला हाक मारलीस."

वॉचमनचं कुणालाही माहीत नव्हतं. सिद्ध झालं, आणि प्रयोगशाळेत एखादी गोष्ट सिद्ध झाली की जो एक स्वच्छ क्षण येतो तो आला नाही. रागही गेला नाही. तो तिथेच होता, पण आता त्याच्या शेजारी दंडाला धरून जिन्याने खाली नेला जाणारा एक माणूस उभा होता, आणि दोघांपैकी कुणीच हलायला तयार नव्हतं.

फोन वाजला. पडद्यावर घरचा नंबर. शाजिया होती; आजोबांना ती दादा म्हणायची. "अम्मी, तुझं ट्रेनिंग संपलं? दादा म्हणतात अब्बूचं विमान आता उतरेल. उतरलं का गं?"

मागे साबिराचा आवाज येत होता, कढईचा आवाज येत होता. झेबाने तौसीफकडे पाहिलं. तो तिच्या तोंडाकडे पाहत होता, आणि पाहता पाहता त्याने चादरीवरचं घड्याळ उचलून मुठीत धरलं.

"दादांना दे," झेबा म्हणाली.

फोन हातातून हातात गेल्याची खरखर झाली. "बोल बेटा," इक्बाल म्हणाले.

"अब्बा, आम्ही दोघं एकत्रच येतोय. इथूनच."

त्यांनी कुठून असं विचारलं नाही. ट्रेनिंगचं विचारलं नाही. मग ते म्हणाले, "या. रिक्षाच करा. टॅक्सी कशाला उगाच."

तिने फोन ठेवला. तौसीफने घड्याळाची चावी दाबून आत केली, टक असा बारीक आवाज झाला, आणि ते मनगटावर बांधलं. मग खाली वाकून तो बॅगांच्या दोऱ्या सोडू लागला. गाठी घट्ट होत्या, नखं घासून हुळहुळी झाली होती, सुटेनात. झेबा त्याच्यासमोर जमिनीवर बसली आणि तिने दुसऱ्या बाजूची गाठ हातात घेतली.